समुद्राची खुरपणी

"झालं बघ, वंदना. सगळं खुरपून काढलं," आबा म्हणाले.

मी नुकतीच दवाखान्यातून ड्यूटी संपवून आले होते, पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. माझे सासरे हॉलमध्ये स्टुलावर उभे होते. सदऱ्याची बाही वर सारलेली आणि उजवा हात पार दंडापर्यंत आमच्या यजमानांच्या समुद्रात बुडालेला. त्या हातात गावाकडचं लाकडी मुठीचं खुरपं होतं. खाली माझी कणीक मळायची परात ठेवलेली आणि तिच्यात तपकिरी, बुळबुळीत असं काहीतरी पडलेलं.

"आबा, आधी खाली उतरा," मी ओरडलेच. कपाशीत चक्कर येऊन पडलेला माणूस, त्याला डॉक्टरांनी पायरीसुद्धा जपून चढा म्हणून सांगितलेलं, आणि हे स्टुलावर चढून पाण्यात वाकलेले.

"किती दिस झाले बघून राह्यलो," उतरता उतरता आबा म्हणाले. "दगडादगडाच्या फटीत गवत माजलंय. सोमा येता-जाता बघतो, तोंड वाकडं करतो न् कामाला जातो. म्हनलं आपुन रिकामेच हाओत, काढून टाकू."

समुद्र म्हणजे काचेची टाकी. लोक कुत्रं पाळतात, आमच्या ह्यांनी समुद्र पाळलाय. जालन्यात नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही, आम्ही दोन घागरी साठवतो आणि त्यातली एक सोमेश्वर फिल्टरमधून गाळून, मीठ कालवून माशांना पाजतात. उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर पंखा नसतो पण टाकीवर दोन असतात. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी टाकीचा, मग माझ्या मिक्सरचा. बियाण्यांच्या कंपनीत गोदाम सांभाळणारा, तीर्थपुरीजवळच्या खेड्यात वाढलेला हा माणूस, समुद्र त्याने लग्नानंतर एकदाच पाहिला, तोही माझ्या हट्टामुळे. तिथून जे खूळ घेऊन आला ते आजतागायत उतरलेलं नाही.

त्या टाकीत सगळ्यांत लाडकं होतं एक हिरवं कोरल. नऊ-दहा वर्षांपूर्वी आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं, आता ताटाएवढं झालेलं. त्याची लांब लांब बोटं पाण्यात सावकाश डुलायची. गोदामातून आलं की सोमेश्वर चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचे आणि मी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही.

त्या संध्याकाळी ते आले आणि दारातच थबकले. पाणी गढूळ झालं होतं. बारीक बारीक तपकिरी चिंध्या तरंगत होत्या आणि लाटा उठवणारी मोटर त्यांना टाकीभर फिरवत होती. हिरव्या कोरलने सगळी बोटं आत ओढून घेतली होती.

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

सोमेश्वरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"गवत होतं म्हनून..." आबांनी परातीकडे बोट केलं.

"गवत नाही ते. जनावर आहे. एप्टेशिया म्हणतात, एक जातीचं समुद्रफूल. त्याचा नखाएवढा तुकडा राहिला तरी त्याचं नवं उगवतं. आठ-दहाच होते, मी औषध बघत होतो. आता टाकीभर होतील आणि सगळ्यांना डसतील."

आबांनी खुरपं नळाखाली धुतलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या पिशवीत ठेवून दिलं. जेवायला बसले, पण अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

सासूबाई, साळूबाई, गेल्यापासून आबा गावात एकटेच राहत होते. स्वतःच्या हाताने भाकरी थापायचे आणि आम्ही काही म्हटलं की "तुमच्या आधीपासून खाऊन राह्यलो" असं उत्तर द्यायचे. मागच्या पावसाळ्यात चक्कर येऊन वावरात पडले. शेजारचे काकासाहेब तिकडून जात होते म्हणून दिसले, नाहीतर काय झालं असतं ते मी नर्स असल्यामुळे मला नीट माहीत आहे आणि म्हणूनच त्याचा विचार नको वाटतो. "यांना एकटं ठेवू नका," एवढंच डॉक्टर म्हणाले. उभं पीक काकासाहेबांना बटईने, निम्म्या वाट्यावर, दिलं आणि आबांना आम्ही जालन्याला घेऊन आलो. बटईची बोली गुढीपाडव्यापर्यंत. आमच्याकडे शेताचं साल पाडव्याला बदलतं, ज्याला वावर सोडायचं तो त्या दिवशी सोडतो, ज्याला धरायचं तो धरतो. आबांनी येतानाच सांगून ठेवलं होतं की पाडव्याला मी माघारी येणार.

तोपर्यंतचे दिवस त्यांना फ्लॅटमध्ये काढायचे होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून गॅलरीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. न गळणारा नळ घट्ट करून ठेवायचे, मग मला तो उघडायला पक्कड लागायची. शेजारच्या प्रीतीच्या कुंड्यांतली माती इतकी उकरली की तिचा मोगरा वाळला आणि ती बिचारी संकोचत माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी चिडायचे. पण टाकीचा प्रकार झाल्यावर आबांनी कशालाच हात लावणं सोडलं. मेथी निवडायला पुढ्यात ठेवली तरी "राहू दे, माह्याकडून काही बिघडायचं" म्हणायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. उठायचे, पुन्हा बसायचे. ते मला बघवत नव्हतं. कुंड्या उकरा, नळ मोडा, पण असं बसू नका, असं मला सारखं वाटायचं.

संक्रांतीपर्यंत सोमेश्वरांचं म्हणणं खरं ठरलं. दगडांच्या फटीतून, काचेच्या कोपऱ्यातून, मोटरच्या जाळीतूनसुद्धा ती तपकिरी फुलं वर आली. दिसायला वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पारदर्शक देठ आणि वर झिपऱ्यांचा झुबका. पण जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला ती डसायची. जरा सावली पडली की सर्रकन बिळात जायची आणि आपण वळलो की पुन्हा बाहेर.

आबा लांबून बघत होते. एका सकाळी टाकीजवळ आले, चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, "हराळी निघाली की ही, तोडावी तितकी पसरते. म्याच पसरवली."

सोमेश्वरांचा चेहरा सैल झाला. त्या दिवशी त्यांनी संभाजीनगरच्या हरिओमला फोन लावला. त्याचं तिथे माशांचं दुकान आहे. फोन ठेवून मला म्हणाले, "दवाखान्यातून बारीक सुईच्या सिरिंज आणशील? न् खायचा चुना लागेल. चुना कालवून सुईने एकेकाच्या तोंडात सोडायचा, जागच्या जागी जळतं म्हणे."

"चुना?" आबा म्हणाले आणि सवयीने बंडीच्या खिशातून डबी काढून पुढे केली.

तंबाखू सोडली म्हणून या माणसाने मला सासूबाईंची शपथ घेऊन सांगितलं होतं. मी डबीकडे बघितलं, आबांनी छताकडे बघितलं आणि सोमेश्वर हसत सुटले. कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं. त्या डबीतला चुना टाकीला चालणार नव्हता, त्याला तंबाखू लागलेली, म्हणून टपरीवरून नवी पुडी आणली. पण डबी मी जप्त केली ती केलीच.

काम चिकाटीचं होतं. मोटर बंद करायची, पाणी स्थिर होऊ द्यायचं, सुई हळूहळू खालून न्यायची म्हणजे सावली पडत नाही, आणि झुबक्याच्या मधोमध एक थेंब. एका दिवशी थोड्याच जागा घ्यायच्या, चुना जास्त झाला की पाणी बिघडून मासे मरतात. सोमेश्वरांना सकाळी गोदाम गाठायची घाई, त्यांचा हात पुढे जायचा आणि सगळी फुलं आत. दोन-तीन दिवस आबा बघत राहिले.

"मला देतो का जरा?" त्यांनी विचारलं.

सोमेश्वरांनी सिरिंज हातातच ठेवली. खुरप्याची आठवण त्यांनाही होती, आबांनाही होती. मग त्यांनी ती दिली.

त्या दिवसापासून आबांची सकाळ बदलली. अंघोळ, कपाळाला बुक्का, आणि लगेच खुर्ची टाकीपुढे. आज कुठलं रान घ्यायचं ते आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असायचं. "तोंडात बराबर गेला पायजे," ते मला सांगायचे, जसं काही मी आयुष्यात कुणाला सुई टोचलीच नव्हती. "बाजूला सांडला की ते आत पळतं न् मंग दोन दिस फसवतं." येरझाऱ्या थांबल्या. भाकरी पुरी जायला लागली. संध्याकाळी बाप-लेक टाकीपुढे बसून बोलायचे, तेही आपसात, आणि मला दोघांनाही हाका माराव्या लागायच्या.

मी निवांत झाले होते. एक दिवस गॅलरीत कपडे वाळत घालताना आबांचा फोन कानावर पडला.

"न्हाई काकासाहेब, पाडव्याला मी तिथं हाय म्हन. पोराचं रान म्या खराब केलं, तेवढं साफ करून देतो का निघालो. औंदा वावर आपलं आपुन करायचं. ... आरं, चक्कर-बिक्कर काई न्हाई आता. बिलकुल ठीक हाय."

ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी राहिले. हा माणूस इथे रमला असं मी समजत होते आणि तो दंड भरत होता. दुसऱ्या दिवशी सोमेश्वर मला स्कूटरवर दवाखान्यात सोडायला आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं.

"साफ करून देतो म्हणाले?" त्यांनी दोनदा विचारलं.

त्याच रविवारी आम्ही संभाजीनगरला गेलो. सोमेश्वरांनी हरिओमकडून एक मासा आधीच मुंबईहून मागवून घेतला होता. करड्या रंगाचा, चपटा, तोंड चिमट्यासारखं पुढे आलेला. चुन्याने ही फुलं कमी होतात, पण मुळासकट जात नाहीत, आणि हा मासा तीच खाऊन जगतो. हरिओमने आमच्यासमोर एक फूल लागलेला दगड त्याच्या टाकीत सोडला. माशाने एक डोळा फिरवून बघितलं, जवळ आला, आणि झुबक्याचे लचके तोडायला लागला.

"बघा भाभीजी," हरिओम म्हणाला. "महिन्यात सगळं साफ. एक बी ठेवत न्हाई हा. फक्त एक बात ध्यानात ठेवा, लई लाजाळू हाय. माणूस समोर बसला तर खात न्हाई. पॅक करू ना, सर?"

सोमेश्वर माशाकडे बघत उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझ्याकडेच राहू दे अजून."

"तुम्हीच तर मागवला ना, सर!"

"हो. राहू दे."

बाहेर रसवंतीत बसलो. रसाचा ग्लास त्यांनी हातात नुसता धरून ठेवला. "मासा नेला तर पाडव्याच्या आत टाकी साफ होते," ते म्हणाले, "आणि आबा जातात. तिथे ते पडले तर उचलायला कोण आहे? चुन्याने संपत नाही, तर नाही. चालू दे तसंच."

"आणि तुमचं कोरल?"

"बघू," म्हणाले.

आमचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. पोहे दिले, होकार आला, संपलं. पण त्या रसवंतीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मला वाटलं की आज मला कुणी विचारलं असतं तर मी स्वतः याच माणसाला होकार दिला असता. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

घरी आबा दारातच उभे होते. "मासा आनला का?"

"नाही मिळाला, आबा. मुंबईहून आलाच नाही."

"बरं," आबा म्हणाले. "मंग करू आपलं आपुनच."

फेब्रुवारी सरला. आबा रोज सकाळी मारत होते आणि फुलं रोज वाढत होती. आबांची घालमेल पुन्हा सुरू झाली. पाडवा जवळ येत होता आणि रान साफ होत नव्हतं. ते आता दुपारीही टाकीपुढे बसायचे, सोमेश्वर नसताना ठरल्यापेक्षा जास्त चुना घालू बघायचे, मी हातातून सिरिंज काढून घ्यायचे. मला दोन्ही बाजूंची भीती वाटायची. साफ झालं तर आबा जातील आणि नाही झालं तर ते हिरवं कोरल जाईल. ते ज्या दगडावर वाढलं होतं त्यालाच फुलांनी सगळ्यांत जास्त वेढलं होतं. आधी त्याची एका बाजूची बोटं आखडली. मग ती उघडेनाशी झाली. खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. सोमेश्वर संध्याकाळी चहा घेऊन बसायचे, पण खुर्ची दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवून.

पाडव्याला चार-पाच दिवस उरले असताना त्यांनी ते बाहेर काढलं. पांढरं, कोरडं, हाडासारखं. फेकायचा धीर होईना म्हणून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं.

आबा त्याच्याजवळ गेले. "का मेलं हे?"

"म्हातारं झालं होतं, आबा," सोमेश्वर म्हणाले आणि अंघोळीला गेले.

त्याच वेळी त्यांचा मोबाईल वाजला. माझे हात पिठात होते, म्हणून आबांनी उचलला. "हां. त्याचा बाप बोलून राह्यलो. ... कोन्ता मासा?" मी लाटणं टाकून बाहेर आले, पण उशीर झाला होता. "कवापासून हाय तुमच्याकडं? ... तवापासून? ... त्यानंच ठिवायला सांगितला? ... बरं. सांगतो त्याला."

फोन ठेवून आबा खुर्चीत बसले. माझ्याकडे बघितलं. मी पिठाचे हात पदराला पुसत राहिले आणि त्यातच त्यांना सगळं कळलं. सोमेश्वर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"सोमा, हरिओमचा फोन आल्ता. मासा कधी नेता म्हनून इचारत होता."

सोमेश्वरांचा हात थांबला. "आबा, तो मासा कोरललापण तोंड लावतो कधी कधी, म्हणून म्हटलं..."

"खोटं नको बोलू. लहानपनापासून तुला ते जमत न्हाई." आबांचा आवाज शांत होता. "मी जाऊ नये म्हनून तू मासा नाही आनला. न् तुझं झाड मेलं."

"झाडाचं काय, आबा. पुन्हा लावता येतं."

"म्या बी हेच म्हनत होतो वावराचं, पुन्हा लावू म्हनून," आबा म्हणाले. कठड्यावरच्या त्या पांढऱ्या सांगाड्याकडे बघत राहिले. नऊ-दहा वर्षं वाढवलेली वस्तू म्हणजे काय असतं ते त्या घरात आबांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला. "काकासाहेबाला फोन लावून दे."

सोमेश्वरांनी लावून दिला. आबांनी घसा साफ केला.

"काकासाहेब? हां, मीच. ऐक, औंदा बी वावर तूच धर. ... न्हाई, न्हाई, तब्येत बराबर हाय. ... पुढच्या सालचं पुढच्या साली बघू. ... बांधावरच्या लिंबाकडं तेवढं ध्यान ठेव." त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "मी कुठं जात न्हाई. जा, मासा घेऊन ये. जल्दी जा."

सोमेश्वरांनी तोंड वळवून टॉवेल तोंडावर घेतला, केस तर केव्हाच पुसून झाले होते. मला वाटलं होतं की आबा राहिले तर मला आनंद होईल. आनंद झालाच नाही. आम्ही दोघांनी मिळून त्यांचं काहीतरी काढून घेतलं, आणि तेही त्यांनीच आमच्या हातात ठेवलं, असं वाटून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मासा आला. पहिल्या दिवशी दगडामागे दडून बसला तो बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारून, अंघोळ करून, बुक्का लावून आबा नेहमीप्रमाणे टाकीपुढे येऊन बसले. सिरिंज घेतली नव्हती. मासा दगडामागून तोंड काढायचा, आबांना बघायचा आणि मागे सरायचा.

"माणूस समोर असला तर खात नाही म्हणे तो," मी चहा देताना सहज बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

आबांनी मान हलवली. खुर्ची उचलली, चहाचा कप दुसऱ्या हातात घेतला आणि गॅलरीत जाऊन बसले. आमची गॅलरी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर आहे, तिथून भिंतीशिवाय काही दिसत नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

थोड्या वेळाने मासा बाहेर आला. इकडे-तिकडे बघितलं आणि मोटरजवळच्या फुलाचा पहिला लचका तोडला.

"वंदना," आबांनी मागे न वळता विचारलं, "खाऊन राह्यला का?"

"खातोय, आबा. या ना, बघा."

"नको," आबा म्हणाले. "खाऊ दे त्याला. मी हितंच बरा हाय."